अँड सन्स

आमच्या कचेरीत दोन संगणक-प्रणाली नांदतात. एक बिलं करते, दुसरी हिशेब ठेवते. दोघींचं बोलणं चालतं एक्सएमएल भाषेत. ही भाषा १९९८ साली प्रमाण ठरली आणि तेव्हापासून सोवळ्यातच आहे. ‘अँड’चं ते जिलेबीसारखं चिन्ह तिला उघडंबोडकं चालत नाही, कारण तिच्या लेखी ते चिन्ह म्हणजे ‘आता सांकेतिक नाव येतंय हो!’ अशी ललकारी. म्हणून त्याच्यामागे ए-एम-पी आणि अर्धविराम, असा पोशाख चढवूनच त्यानं आत यायचं.

एका ‘अँड सन्स’चं बिल अडकलं. मी चिन्हाला पोशाख चढवला. पुढच्या टप्प्यावरच्या पोरानंही, मला न विचारता, तेच केलं. सदऱ्यावर सदरा! उतरवणाऱ्यानं एकच उतरवला आणि दुसरा बिलावर छापून आला.

म्हातारे मालक काठी टेकत आले. “अहो, मला मुलगे दोन. हा एएमपी कुठला वाटेकरी?”

मी ओशाळून चिन्हच उडवलं. पुढच्या महिन्यात ते पुन्हा हजर. “दोघंही परदेशी असतात. बापाला त्यांच्याशी जोडणारं तेवढंच उरलं होतं हो. तेही काढलंत?”

तेव्हा उमगलं. पोशाख चढवायचा तो एकदाच, निघताना उंबऱ्यावर. पोचल्यावर एकदाच उतरवायचा. चिन्हाला मात्र हात लावायचा नाही.

दुरुस्त बिल मी स्वतः नेऊन दिलं. मालकांनी रक्कम पाहिलीच नाही. चिन्हावर बोट ठेवलं आणि आत चहा सांगितला.