शिकाऊ हाताला सोबत हवी

चव्वेचाळिसाव्या वर्षी कारकुनाने गिटार विकत घ्यावी, हे लोकांना पटत नाही. "भाऊ, पोरांच्या फीचं बघा, हे काय वय आहे का?" असे आम्हाला कचेरीत ऐकावे लागले. पण लहानपणी वाद्य परवडले नाही, म्हणून हौस मरत नसते.

पहिले तीन महिने आम्ही घरी एकट्यानेच बसलो. तारांनी डाव्या हाताच्या बोटांची टोके सोलून निघाली. मोबाईलवर बघून ई, ए, डी, जी, बी, ई अशा सहा तारा लावता येऊ लागल्या. सी आणि जी या दोन कॉर्ड धड वाजू लागल्या. पण कोणी गायला बसले की आमचा सूर एकीकडे आणि गाणे दुसरीकडे!

शेवटी रविवारी संध्याकाळी समाजमंदिरात चालणाऱ्या गायन पार्टीच्या सरावाला गेलो. पेटीवर सत्तरीतले बाबा, ढोलकीवर एक रिक्षावाला भाऊ, कोरसला कॉलेजची पोरे. कोणी हसले नाही. बाबा म्हणाले, "या, बसा. आधी झांज धरा." महिनाभर झांजच वाजवली. केरव्याच्या आठ मात्रा अंगात भिनल्या, मग गिटार हातात घेतली.

आमच्या गायिका ताई काळी चारमध्ये गातात. आम्हाला येणारी जी म्हणजे पांढरी पाच, अर्धा सूर खाली. बाबांनी जन्मात गिटार धरली नव्हती, पण अडचण त्यांनीच ओळखली. "सगळ्या तारा अर्धा सूर वर चढवायला काही नाही का रे?" कोरसमधल्या पोराने खिशातून कॅपो काढून पहिल्या पट्टीवर चिमट्यासारखा बसवला. बोटे तीच, कॉर्ड तीच, पण सूर काळी चार! तीन महिन्यांचे कोडे दोन मिनिटांत सुटले. पेटी जाणणारा आणि कॅपो बाळगणारा एका सतरंजीवर बसले होते, म्हणूनच ते सुटले.

आपली गाण्याची परंपरा अशीच वाढली. भीमराव कर्डकांचे जलसे असोत की पुढच्या गायन पार्ट्या, मोठमोठ्या संगीत विद्यालयांची दारे आपल्यासाठी उघडी नव्हती. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२-२००४) लिहा-वाचायला मोठेपणी शिकले आणि त्यांची गाणी गावोगाव पोहोचली. तेव्हा उशिरा शिकण्याची लाज आपण तरी का बाळगावी?

काळजी वेगळीच आहे. आज जयंतीला डी.जे.च्या भिंती उभ्या राहतात आणि पेटी कोपऱ्यात धूळ खाते. आमच्या बाबांनंतर पेटीवर कोण बसणार, याचे उत्तर वस्तीत कोणाकडे नाही. वाद्य दुकानात मिळेल, पण बाबांच्या कानातली पट्टी दुकानात मिळणार नाही. ती शेजारी बसूनच घ्यावी लागते.

म्हणून बंधू-भगिनींनो, एवढेच सांगणे आहे. आपल्या वस्तीत सराव चालत असेल तर दार उघडे ठेवा. नवखा आला, मग तो दहा वर्षांचा असो की पन्नाशीचा, त्याच्या हातात आधी झांज द्या. ज्याला काल शिकवले त्याने आज दुसऱ्याला शिकवावे. आम्हीही परवा एका चिमुरडीला सी कॉर्ड धरायला शिकवली. तिची बोटे आमच्यापेक्षा लवकर बसली!