घोयऱ्याचे कुंपण

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण आपण एखाद्याचे तोकडे सामर्थ्य दाखविण्यासाठी वापरतो. ज्याने ती प्रथम उच्चारली, त्याने कोकणातले कुंपण काही नीट पाहिले नसावे. रोह्यास आमच्या परसाच्या पश्चिमेला निरगुडी, अडुळसा, जास्वंद आणि करवंदीच्या जाळ्या यांची एक जुनी वई आहे. पावसाळ्यात ती इतकी दाट होते, की पलीकडचा माणूस दिसत नाही. या वईत घोयरा राहतो.

घोयरा म्हणजे रंग बदलणारा सरडा. नेहमीच्या सरड्यासारखा तो तुरुतुरु पळत नाही. एक पाऊल उचलावे, ते वाऱ्याने हलणाऱ्या पानासारखे पुढेमागे झुलवावे आणि मग सावकाश टेकावे, अशी त्याची चाल! त्याच्या पायांची बोटे चिमट्यासारखी फांदी धरतात आणि शेपटीचा वेढा त्याला सावरतो. एक डोळा पुढे पाहत असतो, तेव्हा दुसरा खुशाल मागे पाहत असतो. जीभ तर अंगाहूनही लांब. जगातल्या जवळजवळ निम्म्या जाती एकट्या मादागास्कर बेटावर आहेत. भारतात मात्र ही एकच. पुष्कळ लोक त्याला विषारी समजून दगड मारतात. त्या बिचाऱ्याजवळ विषाचा थेंबही नसतो.

एका वर्षी गणपतीच्या सुट्टीत माझा भाचा पेणहून आला होता. वईच्या कडेला घोयरा दिसताच तो हरखून गेला. परदेशातील मुले काचेच्या मोठ्या पेटीत झाडे लावून असे सरडे पाळतात, हे त्याने चित्रात पाहिले होते.

“मामा, आपण तसाच पिंजरा करू या. खरी माती, खरी झाडे! आपण पिंजऱ्यात आहोत हे त्याला कळणारसुद्धा नाही.”

घोयऱ्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्याला पकडणे वा पाळणे हा गुन्हा ठरतो. हे ऐकून मुलाचा चेहरा उतरला. तेव्हा मी म्हणालो, “पिंजरा करायचा नाही, पण करायचा असता तर कसा केला असतास, ते कागदावर मांड पाहू.”

तो मांडू लागला. घोयरा उंच फांद्यांवर राहणारा, म्हणून उंची हवी. वाटीतले पाणी तो पीत नाही, पानांवरचे थेंब चाटतो. म्हणजे रोज पाऊस पाडणे आले. नाकतोडे आणि माश्या जिवंतच हव्यात. सकाळी ऊन हवे, दुपारी सावली. अंडी घालताना मादी खाली उतरून जमिनीत खड्डा करते, म्हणून खोल, भुसभुशीत माती हवी. पिंजरा पेटीएवढा होता, तो कपाटाएवढा झाला आणि पाहता पाहता खोलीएवढा!

मी त्याला स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या प्राणिसंग्रहालयाची गोष्ट सांगितली. तेथे २००३ मध्ये ११,००० चौरस मीटर जागेवर पारदर्शक छप्पर घालून मादागास्करचे अरण्य उभे केले आहे आणि तिकडचे घोयरे त्यात मोकळे हिंडतात.

“पण छप्पर कशाला?”

“तिकडे हिवाळ्यात बर्फ पडते.”

तो खिडकीतून वईकडे पाहत राहिला. “आपल्याकडे तर बर्फ पडत नाही,” तो हळूच म्हणाला.

खरी अडचण बर्फाची नव्हतीच. दिवाळीनंतर वई तोडून तेथे चिऱ्यांची भिंत घालायची, असे माझ्या थोरल्या बंधूंनी ठरविले होते. चिरे येऊनही पडले होते. त्यांचे म्हणणे गैर नव्हते. खिंडारातून गुरे शिरत आणि भाजीचा नाश करीत. भाचा तो कागद घेऊन सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला.

“मोठे मामा, भिंत घातलीत, तर यातले काय उरेल?”

“आणि गुरांचे काय करशील?”

याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते. ते माझ्या आईने दिले. “निरगुडीला गुरे तोंड लावीत नाहीत. खिंडारात तिच्या फांद्या रोवा. पाऊस आहे तोवर जीव धरतील.”

भिंत झाली, पण ती केवळ रस्त्याच्या बाजूला. पश्चिमेची वई राहिली. आम्ही तिघांनी चिखलात उभे राहून फांद्या रोवल्या आणि त्या बाजूस औषध फवारायचे नाही, असा बंधूंनी स्वतःच दंडक घातला.

भाचा पेणचा, गणपतींवर रंगाचा हात फिरताना पाहतच तो वाढलेला. साहजिकच घोयऱ्याला रंग कोण देतो, हा त्याचा आवडता प्रश्न. जिनिव्हाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मादागास्करच्या एका घोयऱ्याबद्दल दाखवून दिले, की त्याच्या कातडीत अतिसूक्ष्म स्फटिक असतात. त्यांच्यातील अंतर कमीजास्त झाले, की त्यांवरून परतणाऱ्या प्रकाशाचा रंग पालटतो. जवळच्या पानाची नक्कल करण्यापेक्षा ऊन, थंडी, भीती आणि राग यांमुळेच घोयऱ्याचे रंग अधिक बदलतात. मुलांनी गलका केला, की तो अंग फुगवून काळसर होतो, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे.

झोपेत मात्र तो फिकट पडतो आणि विजेरीच्या उजेडात पानांतून सहज ओळखू येतो. गेल्या भाद्रपदात भाच्याने वईत तीन घोयरे मोजले. भिंतीचे उरलेले चिरे अजून परसात रचलेले आहेत; त्यांवर बसून त्याची ही मोजदाद चालते.