बालाघाटातला वाघ आणि आमची चौकट

मराठी निसर्गवर्णनांनी आपल्या डोळ्यांना सह्याद्रीची आणि कोकणाची हिरवाई इतकी सवयीची करून ठेवली आहे, की बालाघाटाची डोंगररांग ‘ओसाड’ या एकाच विशेषणात उरकली जाते. धाराशिव जिल्ह्यातील येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात आम्ही दोघे कॅमेरे घेऊन भर उन्हाळ्यात हिंडतो, ते या विशेषणाशी असलेल्या भांडणापायी. वाळल्या गवताच्या तरी किती छटा! त्यात बसलेली टिटवी दिसायला दहा मिनिटे लागतात. छायाचित्रात तर ती पुष्कळांना दिसतच नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये या अभयारण्यात वनखात्याच्या स्वयंचलित कॅमेऱ्याने वाघ टिपला. अंगावरच्या पट्ट्यांवरून तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा असल्याचे कळले. म्हणजे ४०० किलोमीटरांहून अधिक वाट तो चालून आला होता. त्या छायाचित्राला छायाचित्रकार नाही. वर्गातल्या भाषेत बोलायचे तर निवेदकावाचूनची कथा. आम्हांला मात्र त्यात न आलेली वाटच अधिक मोलाची वाटते. शेतांचे बांध, ओढ्यांची पात्रे आणि ज्यांना आपण सहज ‘पडीक’ म्हणून मोकळे होतो ते माळ, यांवरूनच तो आला असणार.

जिल्ह्यातल्या अशा कित्येक माळांवर आता पवनचक्क्या उभ्या आहेत. त्या चौकटीत घ्याव्यात की टाळाव्यात, यावर आमच्यात एकमत नाही. एकाच्या मते चित्र बिघडते. दुसऱ्याचे म्हणणे, माळाचे आजचे चित्र तेच आहे. तूर्त आम्ही दोन्ही छायाचित्रे काढतो.