राडारोडा उचलण्याआधी

जुनी शाळा पाडली की ढीग एकच दिसतो. माझं सगळं काम तो एक ढीग राहू न देण्याचं. मोठ्या बांधकामांनी काँक्रीट, माती, विटा-गिलावा आणि लोखंड-लाकूड-प्लॅस्टिक वेगळं करावं, असं २०१६च्या केंद्रीय नियमांनी सांगितलं. आम्ही दोन खोल्यांच्या पाडकामालाही तेच लावलं, कारण त्याच आवारात गावाची रोपवाटिका उभी करायची होती. छपराचे अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे मात्र न फोडता, ओले करून बाजूला काढले. त्यांना इथे जागा नाही.

काँक्रीटचे तुकडे फोडून रोपांच्या पिशव्यांखाली वीतभर अंथरले. पाणी निचरून जातं आणि पिशवीच्या भोकातून उतरलेलं सोटमूळ खडीतल्या हवेत थबकतं. पिशवी थेट जमिनीवर ठेवली तर मूळ खाली रुतून बसतं आणि उचलताना तुटतं. मग बहावा असो की अर्जुन, लावणीनंतर रोप झुरतं.

याच काँक्रीटचा चुरा मातीत मिसळावा, असं बचतगटातल्या बायकांना वाटत होतं. मी हट्टाने अडवलं. सिमेंट क्षारधर्मी, आपली काळी जमीन बहुधा आधीच तशी. त्यात भर पडली की रोपाला लोह मिळेनासं होतं, कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. विटांचे बारीक तुकडे मात्र खुशाल मिसळावेत. ते पाणी धरून ठेवतात आणि मुळांना हवाही देतात.

माझा जीव खरा गुंतला तो वाफ्यांच्या भिंतींत. चुन्यात बांधलेल्या खोलीची वीट थापीने टोचली तरी सुटत होती. अंगचा चुना खरवडला की पुन्हा लावायला तयार. नंतर वाढवलेल्या सिमेंटच्या खोलीत सांधा विटेहून कठीण, त्यामुळे वीटच फुटायची. चिवट वाटणारं बांधकाम पाडताना असं वाया जातं, हे पाहून चीड येते. म्हणून नव्या भिंतीही चुन्यातच रचल्या, फुटक्या विटांची सुरखी घालून. सुरखीमुळे चुना सततच्या ओलाव्यातही धरतो. गवंडीकाका म्हणाले, "वाळायला वेळ लागेल." लागू दे, म्हटलं. भिंती कमरेइतक्याच ठेवल्या, कडेला बसून पिशव्या भरता याव्यात म्हणून. उद्या ग्रामपंचायतीला हीच जागा दवाखान्यासाठी हवी झाली, तर यातली बहुतेक वीट अख्खी निघेल.