मॉलचे दार

मुंबईत हाजी अलीजवळ १९९९ साली ‘क्रॉसरोड्स’ हा मॉल सुरू झाला. गर्दी आवरण्यासाठी आरंभी मोबाइल वा क्रेडिट कार्ड नसणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेतले जाई. माझ्यापाशी दोन्ही नव्हते. बसच्या खिडकीतून दिसे तेवढाच तो मॉल माझा. पुढे लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात विस्तीर्ण मॉल उभा राहिला. गिऱ्हाईक तिकडे वळले. इकडे ‘सोबो सेंट्रल’ असे नवे नाव लागले, तरी गाळे ओस पडत गेले. मोबाइल खिशात घालून मी अखेर आत गेलो, तेव्हा पाहण्याजोगे फारसे उरले नव्हते. आपल्या गावातील जुन्या बाजारसंकुलाचा पुनर्विकास व्हायचा असेल, तर मजले मोजण्याआधी एवढेच विचारा : दार कोणासाठी उघडणार आहे?