कुत्र्याचा दाखला

कॅलिफोर्नियातील या भाड्याच्या घरात करारनाम्यान्वये प्राणी बाळगण्यास मनाई असल्यामुळे, कुत्र्याचा सहवास ही माझ्या मनःस्वास्थ्याची निकड आहे असा दाखला मिळावा म्हणून आज परवानाधारक मानसशास्त्रज्ञ बाईंसमोर बसणे प्राप्त झाले. निद्रा, क्षुधा, मध्यरात्रीची धडधड यांविषयी रीतसर जाबजबाब झाला. त्या घटकेस कुत्रा उठून माझ्या मनगटावर हनुवटी टेकवतो, हे सांगताना मात्र विलक्षण संकोच वाटला. 2022 पासून येथील कायद्याने अशा दाखल्यापूर्वी तज्ज्ञाशी किमान 30 दिवसांचा संबंध आवश्यक ठरवला आहे. पैसे मोजताच दाखले विकणाऱ्यांचा सुळसुळाट पाहता ही दिरंगाई मला रास्तच वाटते. अशा दाखल्याचे कुत्रे सोबत नेऊ देण्याचे विमानकंपन्यांवरील बंधन मात्र 2021 मध्येच उठल्याने पुण्याच्या प्रवासात स्वारीस हक्काची सवलत नाही.