धुकं, ढोरवाटा आणि जीपीएस

नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगड चढताना हातातला जीपीएस सर्वांत जास्त थापा मारतो. बेलपाड्याहून निघून नाळेत शिरलं की दोन्हीकडच्या कातळभिंती आभाळाची नुसती पट्टी ठेवतात. स्थान ठरवायला किमान चार उपग्रह लागतात, ते जेमतेम दिसतात. त्यातही काहींचा संदेश कड्यावर आपटून उशिरा पोचतो, अंतर वाढीव मोजलं जातं आणि पडद्यावरचा बाण खुशाल भिंतीच्या आत जाऊन बसतो. गंमत म्हणजे तिथं त्याच्यावाचून अडत नाही. नाळ एकच, जायचं वर.

अडतं ते माथ्यावर. सप्टेंबरातलं धुकं, उंच गवत आणि एकीसारखी दुसरी अशा ढोरवाटा. पण इथं आभाळ मोकळं असतं, धुकं संदेशाला आडवं येत नाही, आणि यंत्र पाचेक मीटरपर्यंत बरोबर सांगतं. मे २००० पर्यंत अमेरिका नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे. त्या काळच्या शंभरेक मीटरच्या घोळात पठार कुठं संपतं आणि कडा कुठं सुरू होतो, हेच कळलं नसतं.

म्हणून यंत्र घेताना मी नकाशाच्या रंगांना भुलत नाही. बटणं हवीत, टचस्क्रीनला पावसाचा थेंबही बोटच वाटतो. गावच्या दुकानात मिळणाऱ्या पेन्सिल सेलवर चालणारं असलं तर उत्तमच. परदेशातून कुणी आणणार असेल तर एक सांगून ठेवावं: उपग्रहावरून निरोप धाडणारं मॉडेल नको, आपल्याकडे ते परवान्याशिवाय बाळगता येत नाही.

आणि ‘गो टू’वर माझा विश्वास नाही. ते मुक्कामापर्यंत सरळ रेघ ओढतं, मधे दरी असली तरी. नकाशाही फारसा सोडवत नाही. १:५०,००० च्या टोपोशीटवर समोच्च रेषा वीस-वीस मीटरांच्या. पंधरा मीटरचा कातळटप्पा दोन रेषांच्या मधे सहज गडप होतो. त्यापेक्षा कुणीतरी प्रत्यक्ष चाललेला ट्रॅक घ्यावा आणि त्यावर आपल्या खुणा टाकाव्यात.

खूण टाकताना मी फाट्यावर दोन मिनिटं थांबतो, यंत्राला सरासरी काढू देतो. यंत्र आपणहून ००१, ००२ असे आकडे देतं. थकल्यावर त्यांचा काही अर्थ लागत नाही. माझ्या खुणांची नावं ‘डावी सोड’, ‘टप्पा, उतरू नको’, ‘पाणी फेब्रुवारीपर्यंत’ अशी असतात. पाण्याचा महिना तेवढा दर मोसमात खालच्या वाडीतल्या मामांना विचारून बदलून घेतो.